आधी डावा पाय

१

माझं काम गुडघ्यांवर बसून करायचं आहे. नाटक चालू असताना विंगेच्या मागे, काळ्या कापडाने चारी बाजूंनी बंद केलेल्या एका खोपटात मी पॅंट दोन्ही हातांनी उघडी धरून बसते. नट रंगमंचावरून धापा टाकत येतो, एक हात माझ्या खांद्यावर टेकतो, एक पाय आत घालतो, मग दुसरा. मी उठता उठता पॅंट वर ओढते, पट्टा, शर्ट, बटणं, कोट. तो जातो. मी खाली पडलेले कपडे गोळा करते.

मिलवॉकीत आमच्या थिएटरच्या कपडेपटात मला हे काम इल्से नावाच्या बाईने शिकवलं. तिचा एकच नियम होता. कपडे बदलताना वर बघायचं नाही. "बटणं बघ, नाड्या बघ," ती म्हणायची. "त्या वेळी माणूस धड हा नसतो, धड तो नसतो. तेव्हा चेहऱ्याकडे बघणं म्हणजे न्हाणीघरात डोकावणं." मी तो नियम पाळत आले. आणि दुसरा एक, जो शिकवावा लागत नाही: हाताला जे कळतं ते तोंडाने बोलायचं नाही. कोणाच्या पाठीवर काय आहे, कोण कमरेला पट्टा आवळतो, कोणाला कशाचा वास येतो, हे सगळं आमच्या बोटांत राहतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दीपगृहाच्या एका म्हाताऱ्या रखवालदाराचं नाटक करत होतो. रखवालदार म्हणजे हॉलिस ब्रॅन्टली. दुसऱ्या अंकात तो वादळात भिजून येतो, दिवा विझतो, आणि पुढच्या प्रवेशात तोच माणूस तरुणपणी, स्वतःच्या लग्नात, काळ्या सुटात उभा असतो. मध्ये लग्नाच्या बॅंडची एक लहानशी धून. तेवढ्या वेळात पाण्याने निथळणारा मेणकापडी कोट उतरवून नवरदेव उभा करायचा. एरवी खोपटात एक मिणमिणता निळा दिवा असतो. पण या नाटकाचा मागचा पडदा इतका पातळ होता की तो ठिपका प्रेक्षकांना दिसे, म्हणून आमची स्टेज मॅनेजर पाकू लोर हिने दिवा काढायला लावला होता. सगळं अंधारात, बोटांनी.

हॉलिस सत्तरी ओलांडलेले. त्यांचं शरीर मला माझ्या स्वयंपाकघरासारखं पाठ होतं. छातीच्या मधोमध शस्त्रक्रियेचा उभा, दोरीसारखा वण. उजवा गुडघा निकामी. म्हणून ते डाव्या पायावर उभे राहून आधी उजवा पाय घालायचे, आणि मग डावा उचलताना सगळा भार माझ्या खांद्यावर टाकायचे. माझ्या खांद्यावर त्यांच्या अंगठ्याचा निळा डाग कायमचा होता. प्रत्येक वेळी धापेतून म्हणायचे, "माफ कर गं, वांडा."

आणखी दोन गोष्टी मला ठाऊक होत्या. कधी कधी त्यांचे आतले कपडे नुसत्या पावसाच्या पाण्याने भिजलेले नसत. मी एप्रनच्या खिशात एक कोरडी जोडी ठेवायला लागले. ते कधी मागत नसत, मी कधी बोलत नसे. दुसरी गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. लग्नातलं ते लांबलचक भाषण त्यांच्या डोक्यातून गळत चाललं होतं. दोन प्रयोगांत ते मध्येच थांबले होते. वधूचं काम करणाऱ्या मुलीने कशीबशी सावरून घेतलं होतं. दिग्दर्शकाने सांगून टाकलं होतं की पुन्हा असं झालं तर भूमिका डेनिस अर्लबककडे जाईल. डेनिस म्हणजे त्यांचा बदली नट, चांगला माणूस, रोज वरच्या खोलीत बसून वाट बघणारा. आणि हॉलिसना त्या भूमिकेखेरीज आता काही उरलं नव्हतं.

२

बुधवारी सकाळचा प्रयोग शाळांसाठी असतो. पिवळ्या बसगाड्या सरोवराच्या बाजूने रांग लावतात, आणि मुलांचा कलकलाट भिंतींतून आमच्यापर्यंत येतो.

दुसऱ्या अंकात वादळ झालं. मी खोपटात पॅंट उघडून बसले. बॅंड सुरू झाला आणि खांद्यावर हात आला.

आधी डावा पाय आत आला.

मला वाटलं, माझीच पॅंट उलटी धरली गेली. चाचपून पाहिलं. बरोबर होती. मग उजवा पाय आला, सहज, आणि खांद्यावर भार आलाच नाही. हात नुसता ठेवलेला, झाडावर पाखरू बसावं तेवढा. मी उठले, शर्ट चढवला. अंग कोरडं होतं. मेणकापडी कोट उतरवायची वेळच आली नव्हती. बॅंड अजून वाजतच होता आणि माझं काम संपलं होतं. इतकी वर्षं या खोपटात मला कधी रिकामा क्षण मिळाला नव्हता. तो तसाच शांत उभा राहिला. धाप नाही. "माफ कर गं" नाही. मग गेला.

भाषण मी विंगेतून ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुलं चिडीचूप. एरवी या ठिकाणी कोणी ना कोणी ढेकर देतो.

सेट ओढणारा लेरॉय श्टेन्के माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात चीजच्या तुकड्यांची पिशवी होती.

"काय पाजलंस गं म्हाताऱ्याला?" तो कुजबुजला. "मलाही दे थोडं. माझी बायको दुवा देईल तुला."

"गप बस. मुलं ऐकतील."

"मुलं? अगं, मागच्या रांगेतला मास्तरसुद्धा रडतोय. आणि मास्तर लोक पगार सोडून कशासाठीच रडत नाहीत."

मी हसले. मला खरंच बरं वाटलं होतं. गुडघ्यावर इंजेक्शन घेतलं असेल, मी मनाशी म्हटलं. रात्री पाठांतर केलं असेल.

प्रयोग संपल्यावर मी सूट आणायला हॉलिसच्या खोलीत गेले. ते सुटातच आरशासमोर बसले होते, आरशाकडे न बघता. मी मागून कोट काढला. आत हात गेला आणि मी थबकले. शर्ट, बनियन, सगळं पिळून काढण्याइतकं ओलं होतं. घाम नव्हता. गार पाणी होतं, वादळाच्या फवाऱ्याचं.

"वांडा," ते म्हणाले, "आज आपला बदल झाला ना?"

"झाला की. छान झाला."

"हो. टाळ्या ऐकल्या मी," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागले.

३

दुसऱ्या दिवशी मी ठरवून बसले. माणसाने स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यावी, पण आधी हातांना विचारावं.

बॅंड. हात. डावा पाय. शर्टाची बटणं लावताना मी तळवा मुद्दाम त्याच्या छातीवर ठेवला, मधोमध. तिथे वण नव्हता. कातडी सपाट आणि थंड होती, कपाटात घडी करून ठेवलेल्या चादरीसारखी. मी तळवा काढला नाही. का, ते मला माहीत नाही. त्याने श्वास घेतला असता तर हाताला कळलं असतं. मी वाट बघितली. मग बॅंड संपत आला म्हणून वरचं बटण लावलं आणि बाजूला झाले.

तो गेला. खोपटात एक खुर्ची असते, बूट घालण्यासाठी. त्या बाजूला टप टप असा आवाज येत होता. मेणकापडी कोटावरून पाणी गळतं तसा. आणि कोणीतरी हळू श्वास घेत होतं. उजव्या गुडघ्याला त्रास असलेला माणूस बसताना सोडतो तसा एक सुस्काराही आला.

मी मान वर केली नाही. मी गुडघ्यांवरच होते, हात लांब केला असता तर कोटाला लागला असता. पलीकडून, पडद्यातून, हॉलिसचा आवाज ठणठणीत येत होता. मी हात एप्रनच्या खिशात घातले आणि त्या श्वासाकडे पाठ करून बाहेर पडले. स्वतःशी म्हटलं, पाइपांचा आवाज असेल. पाइप गुडघ्यासाठी सुस्कारे सोडत नाहीत हे मला कळत होतं.

मध्यंतरात मी पाकूला गाठलं. ती तिच्या टेबलापाशी उभ्याउभ्या भात खात होती. तिच्या आईने दिलेला डबा असतो रोज.

"दुसऱ्या अंकात डेनिस कुठे होता?"

"वर. माझ्या डोळ्यांसमोरून कॉफी घेऊन गेला. का?"

"काही नाही. खोपटात कोणीतरी होतं असं वाटलं."

"कोणीतरी म्हणजे?" तिने चमचा खाली ठेवला. "लेरॉय असेल. बुटांना माझ्या चिठ्ठ्या चिकटवायची सवय आहे त्याला. थांब, त्याचे कान उपटते."

"लेरॉय नव्हता."

पाकूने माझ्याकडे नीट बघितलं. तरुण आहे, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "वांडा, तुला बरं नाहीये का? सांग हं मला. दुसऱ्या कोणाला लावते बदलावर."

तो प्रश्न साधा होता. पण माझ्या वयाच्या कपडेवालीला त्याचा अर्थ कळतो. हिला आता अंधारात माणसं दिसायला लागलीत. माझा चेहरा तापला.

"मी ठणठणीत आहे."

"मग एक गोष्ट सांगते, कोणाला बोलू नकोस." ती जवळ आली. "काल दिग्दर्शक मागे येऊन बसला होता. सोमवारपासून डेनिसला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. कालचं भाषण ऐकलं आणि म्हणाला, हात लावू नका, चाललंय तसं चालू द्या. म्हातारा वाचला. जे काय चाललंय त्या खोपटात, ते चालू ठेव."

हे ती गमतीने म्हणाली. मी मान डोलावली. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, हॉलिसच्या भल्यासाठी गप्प राहते. हे बोलायला सोपं होतं. पण खरं असं की त्या दोन दिवसांत माझा खांदा दुखला नव्हता. खिशातली कोरडी जोडी तशीच होती. कोणाच्या ओल्या, थरथरत्या, लाजलेल्या अंगाशी मला झगडावं लागलं नव्हतं. मला ते आवडलं होतं.

४

शुक्रवारी आमच्याकडे सगळे तळलेला मासा खायला जातात. प्रयोगाआधी अर्धं थिएटर समोरच्या खानावळीत होतं. हॉलिस गेले नव्हते. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बस," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे ठेवले होते, तळवे वर. "लोक माझं अभिनंदन करतायत, वांडा. लेरॉयने पाठीवर थाप मारली. त्या वधूच्या पोरीने गालाचा मुका घेतला."

"मग? चांगलंच झालं की."

"मी तिथे नव्हतो."

मी एप्रनची घडी सारखी केली.

"मी वादळातून बाहेर येतो," ते म्हणाले. "पाय ओढत त्या काळ्या कापडापाशी येतो. आत तू असतेस. तुझी चाहूल लागते. पण तू दुसऱ्या कोणाची तरी बटणं लावत असतेस. मग मी खुर्चीवर बसतो. आणि माझा आवाज ऐकतो. सगळं येतं त्याला. मला जे कधीच नीट जमलं नाही, तो मधला विराम, तोही घेतो. नंतर शेवटी नमस्काराला उभा असतो तेव्हा मी मीच असतो, पण अंगात गारठा भरलेला असतो." ते हसायला गेले. "म्हातारपणी डोकं जातं म्हणतात, ते हेच का?"

मी म्हणायला हवं होतं, नाही, मलाही ठाऊक आहे. माझ्या हातांना ठाऊक आहे. त्यांना तेवढंच हवं होतं. एका माणसाने तेवढं म्हणावं.

"थकवा असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग नजर खाली घातली, माझी लाज वाचवावी म्हणून.

"उद्या दुपारच्या प्रयोगाला मेरिडिथ येतेय," ते म्हणाले. मेरिडिथ त्यांची मुलगी, डुलुथला असते. "सहा तास गाडी चालवत येणार. या भूमिकेत तिने मला पाहिलं नाहीये. वांडा, उद्या आधी मला कपडे घाल. शब्द विसरलो तर विसरलो. डेनिसला दे म्हणावं मग भूमिका. पण विसरायचं तर मीच विसरेन. माझ्या पोरीसमोर मी उभा असायला हवा. समजलं ना?"

"समजलं."

"आधी मी."

"आधी तुम्ही, हॉलिस. वचन."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा ओला होता. मी हात सोडवून घेतला तेव्हा न कळत एप्रनला पुसला, आणि त्यांनी ते पाहिलं.

५

शनिवारी बर्फ पडत होतं तरी प्रयोग भरलेला होता. लेरॉय पडद्याच्या फटीतून बघून आला. "तिसऱ्या रांगेत मधे. लाल टोपीवाली. बापाचंच नाक आहे, बिचारीला."

वादळ सुरू झालं. मी खोपटात शिरले, गुडघे टेकले, पॅंट उघडली. आज मी एक गोष्ट ठरवून आले होते. डावा पाय आला तर हात मिटून घ्यायचे. पॅंट मागे ओढायची. एवढंच. यासाठी धैर्यही लागत नाही.

दिवा विझला. बॅंड वाजू लागला. कानातल्या हेडसेटवर पाकू म्हणाली, "बदल सुरू."

दुरून मला हॉलिसची पावलं ऐकू येत होती. एक पाऊल, एक घसटा, एक पाऊल, एक घसटा. पाणी ठिबकत होतं. ते अजून विंगेतच होते, जिन्याच्या कोपऱ्यापाशी. आज घाईने येण्याचा प्रयत्न करत होते. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

खांद्यावर पाखराएवढा हात बसला.

डावा पाय पॅंटच्या तोंडाशी आला आणि थांबला. त्याने तो आत घातला नाही. तो थांबून राहिला, हे मी कधीच विसरणार नाही. जबरदस्ती नव्हती, धमकी नव्हती. तो माझ्या हातांची वाट बघत होता.

एक पाऊल, एक घसटा.

मी हिशेब केला. हॉलिस पोचायला अजून वेळ होता. मग ओला कोट, मग तो जड भार, मग कदाचित खिशातली कोरडी जोडी, मग बॅंड संपून गेलेला, रंगमंचावर वधू एकटी उभी. आणि नंतर भाषण. माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं: हॉलिस तिथे, तोंड अर्धवट उघडं, डोळे विंगेकडे लागलेले, आणि तिसऱ्या रांगेत ती लाल टोपी. मला ते बघवणार नव्हतं. मला, म्हणते मी. मेरिडिथला बघवलं असतं की नाही, हे मी विचारायला कोण?

माझ्या हातांनी पॅंट थोडी वर उचलली. त्याच्या पायापर्यंत.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. डावा, उजवा, पट्टा, शर्ट. कापड सरकल्याचा आवाज आला आणि हॉलिस आत आले. वाऱ्याबरोबर पाण्याचा आणि म्हाताऱ्या अंगाचा वास आला. त्यांचा हात अंधारात चाचपत माझ्या खांद्यावर आला, त्या निळ्या डागावर, बरोबर त्याच जागी.

"वांडा," ते म्हणाले. "आलो गं. वेळेत आलो."

मी वरचं बटण लावत होते. मी खांदा झटकला. हलकेच, माशी हाकलावी तसा.

हात निघून गेला. खुर्ची करकरली.

"बदल झाला?" कानात पाकू.

"झाला," मी म्हटलं.

तो बाहेर पडला तेव्हा कापड नीट मिटलं नाही. लग्नाच्या प्रवेशाचा पिवळा उजेड फटीतून आत आला आणि खुर्चीवर एक पट्टा पडला. मी गुडघ्यांवर होते, म्हणून मला खालून दिसत गेलं. बूट, टोकं आत वळलेली. मेणकापडी कोटाचा घेर. मांडीवर दोन हात, उलटे, तळवे वर. तळव्यांवर रेषा नव्हत्या. पाण्यात फार वेळ राहिलेल्या कागदावरची शाई जाते तशा त्या गेल्या होत्या. हातांच्या वर बाह्या, कोटाची बटणं, वर चढवलेली कॉलर.

इल्सेचा नियम मी पाळला, असं मी म्हणू शकेन. पण मी मान वर केली नाही ती नियमासाठी नव्हे. ते माझ्याकडे बघत असतील आणि त्यांच्या नजरेत रागही नसेल, याची मला भीती वाटली. आणि त्याहून मोठी भीती अशी की नजर जिथून यायची, तिथे काही उरलंच नसेल.

बाहेर भाषण सुरू होतं. तो मधला विराम आला. साऱ्या प्रेक्षागृहात कोणी हललं नाही. त्या शांततेत खुर्चीवरून, अगदी हळू, पुढचं वाक्य ऐकू आलं. त्यांना आठवलं होतं. शब्दन् शब्द. ते अंधारात, बाहेरच्या आवाजाच्या किंचित आधी, सगळं भाषण शेवटपर्यंत म्हणत गेले.

६

प्रयोगानंतर मागच्या वाटेवर गर्दी झाली. लोकांच्या ओव्हरकोटांवरचं बर्फ वितळून फरशी ओली झाली होती. मी हातात हॅंगर घेऊन भिंतीला लागून उभी होते.

हॉलिसच्या खोलीतून तो बाहेर आला. नीट उजेडात मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. हॉलिसच होते. पांढरे केस, नाक, भुवईवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. फक्त चेहरा इस्त्री केलेला वाटत होता. लाल टोपी गर्दीतून वाट काढत आली आणि मेरिडिथने त्याच्या गळ्यात हात टाकले.

"डॅड! अरे, काय होतं ते! मी इतकी रडले, शेजारच्या बाईने रुमाल दिला मला. तू तर फोनवर म्हणालास, काही आठवत नाही, उगाच येऊ नकोस!"

तो हसला. तिच्या पाठीवर हात ठेवला, पाखराएवढा.

"थांब, बघू दे तुला." ती मागे सरली आणि त्याला न्याहाळू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच राहिलं, पण डोळे बदलले. "तू लंगडत नाहीयेस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मेरिडिथनेही त्याच्या नजरेमागोमाग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही वांडा ना?" ती म्हणाली. "डॅड तुमच्याबद्दल नेहमी सांगतो. म्हणतो, वांडा नसती तर मी केव्हाच घरी बसलो असतो." ती जवळ आली, आवाज खाली आणला. मुलीचा आवाज होता तो, प्रेक्षकाचा नव्हे. "तो बरा आहे ना हो? मला काहीतरी... हात किती गार आहेत त्याचे. तुम्ही रोज बघता त्याला. मला खरं सांगा."

अजून वेळ होता. त्या खोपटापर्यंत जायला वीसेक पावलंही लागली नसती. मी तिला हाताला धरून नेलं असतं, कापड बाजूला केलं असतं. तिने वर बघितलं असतं. ती त्यांची मुलगी आहे, तिने न घाबरता बघितलं असतं.

लेरॉय, पाकू, डेनिस, सगळे आजूबाजूला होते. डेनिससुद्धा टाळ्या वाजवत होता. मेरिडिथच्या मागे उभा असलेला तो अजून माझ्याकडेच बघत होता, पायापाशी थांबला होता तसाच, माझ्या हातांची वाट बघत.

"बरे आहेत," मी म्हटलं. "खूपच बरे आहेत. गुडघाही सुधारलाय."

मेरिडिथने सुस्कारा सोडला. माझा हात दाबला. "थॅंक यू," ती म्हणाली, "त्याला इतकं जपता म्हणून." मग ती वडिलांच्या हातात हात घालून दाराकडे गेली. कुठेतरी गरम सूप प्यायला जायचं असं काहीसं बोलत होती. त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं. बाहेर बर्फात तिच्या बुटांचे ठसे मला दाराच्या काचेतून दिसत होते. दुसरे ठसे होते की नाही, ते मी बघितलं नाही.

मग मला कपडे गोळा करायला जावंच लागलं. संध्याकाळचा प्रयोग होता, मेणकापडी कोट वाळवायला टाकायला हवा होता.

खोपटात अंधार होता. मी कापडाच्या बाहेर उभी राहिले. आतून पाणी ठिबकण्याचा आवाज येत होता, आणि श्वास, आता फार हळू.

"वांडा?" ते म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. बाहेर त्यांच्यासाठी थांबलेल्या कोणाला तरी त्रास नको, असा. "मेरिडिथ आली का गं? आता माझी वेळ झाली का?"

मी हॅंगर छातीशी धरून उभी होते. मान खालीच होती.

"अजून नाही," मी म्हटलं. "बसा, हॉलिस. मी बोलावते."